पंचेचाळीसच्या पुढे

हॅल्वर ब्रेके सांगतो, पंचेचाळीसला सुरू होतं.
चव्वेचाळीसला काही नाही, पन्नासच्या पुढे पुन्हा काही नाही.
मधल्या त्या पाच मैलांत
स्टिअरिंग हातातून सुटायला बघतं
दाव्याला हिसका देणाऱ्या वासरासारखं.

मार्लिस, त्याची मुलगी, बिलाच्या खिडकीशी येऊन
हळू आवाजात म्हणते,
गाडीला काही झालेलं नाही, रोझेल.
त्याचे हात बघ.

हात मी बघितले होते.
डावा, मांडीवर नुसता ठेवलेला,
अंगठा तर्जनीवर घासत होता
जणू गव्हाचा दाणा सोलून बघतोय,
वाळला की नाही अजून.

तीनदा टायर बॅलन्स झालेत या पिकअपचे.
मायनॉटच्या दुकानात नवा डॅम्पर घातला.
डॅम्पर म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात.
आवाज थांबतो.
पोर रडतच असतं.

मी गाडी बाहेर काढली. फेब्रुवारी, उणे चोवीस,
दोन्ही अंगांना बर्फातून वर आलेले
सूर्यफुलांचे काळे खुंट.
चाळीस. पंचेचाळीस. सत्तेचाळीस.
पोटातलं पाणी हलेना.
मार्लिसचंच खरं असावं, असं मनात आलं
आणि वाईट वाटलं,
कुणासाठी, ते मी फार तपासलं नाही.

वळून येताना रेल्वेफाटकाच्या रुळावर
डावं चाक आपटलं
आणि पुढचं सगळं धूड पिसाळलं.
आरसा, टपावरची बर्फाची ढेपळं, माझे दात.
ब्रेकवर उभी राहिले जवळजवळ.
तिसावर येऊन ते शांत झालं, काही घडलंच नव्हतं असं.
मी एकटीच हसत सुटले त्या केबिनमध्ये.
म्हातारा खरं बोलत होता.

आता खोट कुठे, ते.
जॅक लावून चाक वर-खाली हलवलं: बॉल जॉइंट घट्ट.
डावं-उजवं: टाय रॉड घट्ट.
फिरवलं: बेअरिंग गप्प.
अधांतरी चाक कधीच कबूल करत नाही.
भार जमिनीवर हवा, इंजिन सुरू हवं,
एकाने वर बसून स्टिअरिंग वीतभर इकडे, वीतभर तिकडे करायचं,
दुसऱ्याने खाली आडवं पडून
एकेका सांध्यावर बोटं ठेवायची आणि तोंड मिटायचं.

मी बसते वर, मार्लिस म्हणाली.
म्हटलं, त्याला बसू दे.

इकडे. तिकडे. इकडे.
पाठीखाली थंड काँक्रीट, गालावर वितळलेल्या मिठाचं पाणी.
ट्रॅक बारच्या चासीकडच्या टोकाला
बोटाखाली काहीतरी टिचकलं.
पुन्हा.
तीळभर. डोळ्याला दिसलं नसतं.
बोल्ट काढला तर भोक गोल उरलंच नव्हतं,
वर्षानुवर्षं खाऊन लंबुळकं झालेलं.
“मिळालं?” वरून हॅल्वरने विचारलं.
मी लगेच उत्तर दिलं नाही.
त्याला अजून थोडा वेळ बरोबर असू द्यावं वाटलं.

दुपारी जाड वॉशर वेल्ड केले, नवा बोल्ट घातला.
शेवटचे पीळ मी देतो, तो म्हणाला,
आणि कोट काढून चाकाच्या कमानीत वाकला.
दीडशे पाउंडांवर लावलेला टॉर्क रेंच.
दांड्यावर जोर आला
आणि त्याचा डावा हात थांबला.
संपूर्ण. दगडासारखा.
टक्, रेंच बोलला.
मार्लिस पाहत होती.
त्याने रेंच माझ्याकडे दिला,
हात रिकामा झाला,
अंगठा पुन्हा तर्जनीकडे गेला.

बिलावर मी लिहिलं:
ट्रॅक बार, चासीकडचा बोल्ट. मजुरी अडीच तास.
‘इतर’ म्हणून एक ओळ छापलेली असते, ती तशीच सोडली.
किल्ली काउंटरवर ठेवली, दोघांच्या मध्ये कुठेतरी,
आणि मागे हात धुवायला गेले.
तिथल्या नळाला
गरम पाणी यायला बराच वेळ लागतो.